सापशिडीपासून सराव पाठापर्यंत : खेळातून शिकण्याच्या चर्चेचा आढावा

‘मुलांनी खेळातून शिकावं’ या विधानाला उघड विरोध करणारं आज फारसं कुणी सापडणार नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये कृती, शोध आणि धुंडाळणं यांतून शिकण्याचा उल्लेख आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं वय वर्षं तीन ते आठ हा पायाभूत स्तर ठरवून खेळ त्याच्या मध्यभागी आणला. ऑक्टोबर २०२२मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि २० फेब्रुवारी २०२३ रोजी खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची पुस्तकं यांचा ‘जादुई पिटारा’ तेरा भाषांत जाहीर झाला. धोरणापुरता हा प्रश्न सुटला आहे. वर्गात तो सुटलेला नाही, आणि शिक्षकाच्या प्रशिक्षणात तर तो अजून नीट मांडलाही गेलेला नाही.

अडचण अशी की ‘खेळ’ या एका नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी येतात. मूल स्वतःहून भातुकली मांडतं, तो मुक्त खेळ. बाईंनी ठोकळे मांडून ठेवले, मुलं त्यांच्या मर्जीनं खेळली, पण बाई मधूनमधून प्रश्न विचारत राहिल्या, तर तो मार्गदर्शित खेळ. नियम, फासा, पत्ते, पट असलेला खेळ म्हणजे रचलेला खेळ. पायाभूत स्तराचा आराखडाही हे तीन प्रकार वेगळे करतो. चौथी गोष्ट अलीकडची आहे. धडा नेहमीचाच असतो, त्याला गुण, बिल्ले, क्रमवारीचा फलक अशी खेळाची बाह्य अंगं जोडलेली असतात. खेळ नसलेल्या ठिकाणी खेळाचे घटक वापरणं ही तिची व्याख्या २०११च्या सुमारास रूढ झाली. या चारांपैकी एकाबद्दल मिळालेला पुरावा दुसऱ्याच्या समर्थनासाठी सर्रास दिला जातो, आणि माझ्या मते चर्चेतला निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मागची शंभर-दोनशे वर्षं

फ्रीड्रिख फ्रोबेलनं १८३७मध्ये जर्मनीत बालोद्यानाची सुरुवात केली आणि चेंडू, घन, दंडगोल अशी क्रमवार साधनं मुलांच्या हाती दिली. मारिया मॉन्टेसरींनी १९०७मध्ये रोममध्ये बालगृह उघडलं तेव्हा साधनं आणखी काटेकोर झाली. त्यांची भूमिका मात्र खेळाच्या पुरस्कर्त्यांना गैरसोयीची वाटेल अशी आहे. मूल साधनांशी जे करतं त्याला त्या ‘काम’ म्हणत. खेळणी आणि साधनं दोन्ही समोर असताना मुलं साधनांकडे वळतात, असं त्यांचं निरीक्षण होतं.

आपल्याकडे हा प्रवाह भावनगरमार्गे आला. गिजुभाई बधेकांनी १९२०मध्ये तिथे बालमंदिर सुरू केलं. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीच्या वर्गात गोष्टी आणि खेळ घेऊन जातो, आणि सहकारी नि अधिकारी त्याच्याकडे संशयानं पाहतात. पुस्तक जुनं असलं तरी तो संशय आजच्या शिक्षकालाही ओळखीचा वाटेल. गिजुभाईंबरोबर १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई मोडकांनी पुढे १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि नंतर काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. या दोघींनी केलेला बदल मला फार मोलाचा वाटतो. मॉन्टेसरीची महागडी साधनं वारली पाड्यांत परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं ही साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून बालवाडी अंगणात गेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली. साधनाचा हेतू पक्का समजला असेल तर त्याचं रूप बदलता येतं, याचं एवढं स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरं नसेल.

याच काळात एक वेगळी दिशाही होती. १९३७च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये शिक्षणाचा गाभा उत्पादक श्रम हा होता. टकळीवर सूत मोजताना गणित शिकायचं, कारण त्या मोजण्याला खरा अर्थ आहे. खेळात ‘जणू काही’ असतं, कामात नसतं. हा फरक पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

मानसशास्त्रातून आधार दिला तो पियाजे आणि वायगॉट्स्की यांनी. वायगॉट्स्कीनं १९३३च्या व्याख्यानात म्हटलं की खेळात मूल स्वतःच्या वयापेक्षा पुढचं वागतं. काठीला घोडा मानताना ते वस्तू आणि अर्थ यांची फारकत करायला शिकतं, आणि नियम स्वखुशीनं पाळतं. त्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्रात ग्राममंगल, पुण्यातलं पालकनीती परिवाराचं खेळघर, अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी, साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा अशी कामं उभी राहिली. प्रत्येकाची वाट वेगळी होती, पण मुलाच्या हाताला काम मिळावं हा आग्रह सगळीकडे होता.

भूमिका कोणत्या

पहिली भूमिका सांगते की खेळ हा बालपणाचा हक्क आहे आणि त्याला आणखी कारणाची गरज नाही. प्रत्येक खेळामागे अध्ययन निष्पत्ती चिकटवली की मुलाला ते लगेच कळतं, आणि खेळाचा वेश घेतलेला गृहपाठ उरतो. बालवाडीच्या क्षेत्रात दीर्घकाळ राबलेल्या अनेकांचं हे म्हणणं आहे आणि ते भाबडं नाही. ज्या वस्त्यांत मुलांना खेळायला जागाच उरलेली नाही, तिथे शाळा ही खेळाची शेवटची जागा असू शकते.

दुसरी भूमिका याच्या समोर उभी आहे. २००६मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी लिहिलेल्या, अजूनही वाद पेटवणाऱ्या लेखात असा युक्तिवाद होता की नवख्या माणसाची कार्यरत स्मृती तोकडी असते. त्याला स्वतः शोधायला सोडलं तर तिचा बराच भाग शोधाशोधीत खर्च होतो आणि शिकणं मागे पडतं. नवख्याला सोडवलेली उदाहरणं आणि स्पष्ट सांगणं हवं. बहुवर्ग शाळेतला शिक्षक हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत मांडतो: चाळीस मिनिटांची तासिका, त्यात दोन इयत्ता, मग खेळ मांडायचा कधी आणि आवरायचा कधी?

तिसरी भूमिका मधली आहे. वाइसबर्ग, हर्श-पासेक आणि गोलिन्कॉफ या संशोधकांनी मार्गदर्शित खेळाची बाजू मांडली: दिशा मोठ्यांनी ठरवायची, पावलं मुलांनी टाकायची. २०२२मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा थेट शिकवण्याच्या तुलनेत सुरुवातीचं गणित आणि आकारांची ओळख अशा काही बाबतीत मार्गदर्शित खेळ सरस ठरला. इतर बऱ्याच बाबतीत मात्र फरक स्पष्ट दिसला नाही.

संगणकीय खेळांचा स्वतंत्र प्रवाह आहे. जेम्स पॉल जी यांच्या २००३च्या पुस्तकानं त्याला वैचारिक बळ दिलं. चांगल्या खेळात आव्हान खेळणाऱ्याच्या कुवतीच्या किंचित पुढे असतं, चुकीची किंमत कमी असते आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. पुढे आकडेही आले. वाउटर्स आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा शिकण्यावर परिणाम सौम्य, पण नेहमीच्या पद्धतींपेक्षा बरा आढळला. २०१६च्या आणखी एका मोठ्या आढाव्यातही परिणाम त्याच सुमाराचा निघाला, म्हणजे प्रमाण विचलनाच्या साधारण एक-तृतीयांश. वाउटर्स यांच्या आढाव्यातल्या दोन गोष्टींकडे कमी लक्ष गेलं. खेळांमुळे प्रेरणा लक्षणीय वाढल्याचं त्यात सिद्ध झालं नाही, जरी खेळाचं समर्थन बहुधा ‘मुलांना गोडी लागते’ असंच केलं जातं. आणि खेळाला शिकवण्याची जोड मिळाली, तो अनेकदा खेळला गेला, गटात खेळला गेला, तेव्हा फायदा वाढला.

गोटी पुढे सरकताना मूल काय म्हणतं

आता एका छोट्या संशोधन-मालिकेकडे थोडं सावकाश पाहू, कारण सगळ्या वादाची गाठ मला तिथे दिसते.

रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८मध्ये गरीब घरांतल्या, शाळेत जाण्याआधीच्या मुलांना अगदी साधा पट दिला. एका ओळीत १ ते १० अंकांची घरं, भिरभिऱ्यावर १ किंवा २. मूल गोटी सरकवताना घरावरचा अंक मोठ्यानं म्हणतं. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, एवढंच. अंक ओळखणं, मोजणं, कोणती संख्या मोठी हे सांगणं, संख्यारेषेवर तिची जागा दाखवणं या सगळ्यांत मुलं सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती सुधारणा टिकली. दुसऱ्या गटाच्या पटावर अंकांऐवजी रंग होते. खेळ तोच, मजा तीच, पण ती मुलं सुधारली नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी तोच खेळ गोल पटावर घेऊन पाहिला. तिथे तसा फायदा झाला नाही. संख्या डावीकडून उजवीकडे सरळ वाढत जाते, हे पटाच्या आकारातूनच मुलाच्या मनात उतरत होतं.

२०१४मध्ये लास्की आणि सीगलर यांनी शंभरपर्यंतचा पट घेतला आणि प्रश्न आणखी बारीक केला. मूल २६वर आहे आणि ४ पडले. एका गटानं गोटी सरकवताना ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणायचं. दुसऱ्यानं ‘सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस’ म्हणायचं. पट तोच, नियम तेच. ज्यांनी घरावरची संख्या म्हटली त्यांनाच संख्यांच्या आकाराची समज आली.

आपल्या घराघरांतली सापशिडी या नजरेनं पाहावी. आपण सगळे ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणतच गोटी चालवतो. शिवाय छापील पटावर पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे, आणि सापाच्या तोंडी गेलेली गोटी एकदम खालच्या ओळीत येते. सापशिडीवर हे प्रयोग झालेले नाहीत, त्यामुळे ती निरुपयोगी आहे असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. पण ‘वर्गात सापशिडी घेतली’ एवढ्या नोंदीवरून मूल काय शिकलं ते कळणार नाही, एवढं यातून नक्की निघतं. शिकण्या-न शिकण्याचा निर्णय गोटी सरकवतानाच्या त्या दोन सेकंदांत होतो, आणि त्या दोन सेकंदांकडे लक्ष द्यायचं हे शिक्षकाला कुणीतरी दाखवावं लागतं.

दिल्लीच्या बालवाड्यांचा धडा

आपल्या देशातला सगळ्यात काळजीपूर्वक झालेला प्रयोग दिल्लीतला आहे. मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या संस्थेच्या २१४ बालवाड्यांतल्या १५४० मुलांबरोबर तो केला आणि २०१७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाला चार महिने गणिती खेळ दिले: ठिपक्यांच्या समूहांत जास्त कुठे, आकृत्यांत वेगळी कोणती. दुसऱ्याला सामाजिक समजुतीचे खेळ दिले, तिसऱ्याचं नेहमीसारखं चालू राहिलं. गणिती खेळ खेळलेल्या मुलांची संख्या आणि आकार यांबाबतची अंतःप्रेरित जाण वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. ती पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात मात्र टिकाऊ फायदा दिसला नाही.

या निष्कर्षाचं वाचन दोन तऱ्हांनी झालं. काहींच्या मते खेळानं वाढणारी जाण आणि पाटीवरचं गणित या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खेळाकडून परीक्षेच्या गुणांची अपेक्षा ठेवणंच चूक. इतरांच्या मते खेळात अंकचिन्हं नव्हती आणि पहिलीच्या शिक्षकाला मुलं काय खेळून आली आहेत याचा पत्ता नव्हता, म्हणून मधला पूल कुणी बांधलाच नाही. सीगलरच्या पटावर अंक लिहिलेले होते हे लक्षात घेता दुसरं वाचन मला अधिक पटतं, तरी पहिलं खोडून काढणारा पुरावा अजून पुरेसा नाही.

हाच पूल दुसऱ्या एका अभ्यासातही गहाळ दिसतो. २०२५मध्ये अभिजित बॅनर्जी, दुफ्लो, स्पेल्की आदींनी कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारात काम करणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं. ही मुलं गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी, बिनचूक करत, पण तेवढंच अवघड गणित शाळेच्या रूपात आलं की अडखळत. शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलट होतं. म्हणजे खेळ असो वा नई तालीमचं काम, एका जागचं ज्ञान आपोआप दुसरीकडे जात नाही.

गुण, बिल्ले आणि फलक

करोनाच्या काळात प्रश्नमंजुषेची अॅप्स जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पोचली. त्यांतल्या गुण-बिल्ल्यांच्या पद्धतीबद्दलचा पुरावा मिश्र आहे. सायलर आणि होम्नर यांच्या २०२०च्या आढाव्यात ज्ञानावर बऱ्यापैकी अनुकूल परिणाम आढळला. त्याच्या उलट हानस आणि फॉक्स यांनी २०१५मध्ये एका महाविद्यालयीन वर्गात सत्रभर बिल्ले आणि क्रमवारीचा फलक वापरून पाहिला, तेव्हा प्रेरणा घटली आणि तिच्यासोबत परीक्षेतले गुणही कमी झाले. बक्षिसाबद्दलची शंका तर जुनीच आहे. १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी दाखवलं की चित्र काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांना त्यासाठी प्रमाणपत्राचं आमिष दिलं, तर नंतर ती आपणहून कमी चित्रं काढतात. फलकावर कायम तळाशी राहणाऱ्या मुलाचं काय होतं, याकडे मराठी शाळांच्या चर्चेत अजून कुणी गंभीरपणे पाहिलेलं दिसत नाही. शाळेची पटसंख्या कमी असलेल्या गावात तेच मूल वर्षानुवर्षं तळाशी असतं.

शिक्षकाचं काय

अध्यापक विद्यालयांत एक खेळ दशकानुदशकं खेळला जातो आहे, फक्त त्याला कुणी खेळ म्हणत नाही. १९६०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये आकाराला आलेलं सूक्ष्म अध्यापन भारतात, विशेषतः बडोद्याच्या विद्यापीठात, रुजलं. छात्राध्यापक पाच-सहा मिनिटं एकच कौशल्य करून दाखवतो आणि सहाध्यायी विद्यार्थ्यांची भूमिका करतात. हा भूमिकाभिनयच. त्याची मर्यादाही उघड आहे. हे खोटे विद्यार्थी शहाण्यासारखे वागतात, ठरलेली उत्तरं देतात आणि सहसा कुणी खरोखर अडत नाही.

अमेरिकेत याच मर्यादेवर संगणकीय वर्गांचा उपाय शोधला गेला. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात पडद्यावरच्या आभासी मुलांना शिकवण्याची सोय उभी राहिली. व्हर्जिनिया विद्यापीठात कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. आभासी वर्गातल्या दोन सत्रांच्या मध्ये काही छात्राध्यापकांना पाच मिनिटं मार्गदर्शन मिळालं, बाकीच्यांनी तेवढाच वेळ आत्मपरीक्षण केलं. पहिला गट ठळकपणे सुधारला, दुसरा जवळपास होता तिथेच राहिला. मुलांच्या पटाबाबत जे दिसलं तेच इथेही आहे: नुसतं खेळून शिक्षकही फारसा शिकत नाही.

सेवांतर्गत प्रशिक्षणाची आपली रीत सगळ्यांना माहीत आहे. राज्यावरून जिल्हा, जिल्ह्यावरून तालुका, तालुक्यावरून केंद्र. प्रत्येक टप्प्यावर थोडं गळतं. खेळ तर सर्वांत आधी गळतो, कारण सादरीकरणाच्या चित्रफिती पुढे पाठवता येतात, अनुभव पाठवता येत नाही. शेवटी उरतात सत्राच्या सुरुवातीचे टाळ्यांचे प्रकार आणि एखादं कृतिगीत. काही प्रशिक्षकांचं म्हणणं आहे की तेही थोडं नाही. वर्षानुवर्षं भाषणं ऐकलेला शिक्षक निदान उठून उभा राहतो, हसतो, आणि ते वातावरण वर्गात नेतो. इतरांना यात धोका दिसतो: खेळ म्हणजे मरगळ घालवण्याचं साधन, मग ‘खरं’ शिकवणं, अशी फाळणी शिक्षकाच्या मनात पक्की होते. शनिवारपुरत्या आनंददायी उपक्रमांबद्दलही हाच आक्षेप घेतला जातो.

आणखी एक खोल अडचण आहे. मोठा माणूस मुलांचा खेळ खेळतो तेव्हा मुलाची अडचण त्याला जाणवत नाही, कारण त्याला अठ्ठावीसनंतर काय येतं ते माहीत असतं. पटावरचे अंक शिक्षकाला अपरिचित लिपीत किंवा पाचाच्या पायावर लिहून दिले, तर तो खरोखर अडतो, बोटं मोजतो, शेजाऱ्याकडे पाहतो. त्यानंतर ‘तुम्ही कुठे अडलात’ यावर अर्धा तास बोलणं झालं, तर ते सत्र टाळ्यांच्या प्रकारांपेक्षा नक्कीच वेगळं होईल.

प्रशिक्षणानंतरच्या पाठपुराव्याबाबत दक्षिण आफ्रिकेतला एक प्रयोग बोलका आहे. तिथल्या नॉर्थ वेस्ट प्रांतात सेत्स्वाना भाषेच्या वाचनासाठी काही शाळांतल्या शिक्षकांना केंद्रात बोलावून प्रशिक्षण दिलं, काहींना वर्गात येणारा मार्गदर्शक दिला. साहित्य आणि पाठ टाचण दोघांना सारखंच होतं. दोन वर्षांनी मार्गदर्शक मिळालेल्या शाळांतला फायदा सुमारे दुप्पट निघाला. विषय वाचनाचा होता, खेळाचा नव्हता, पण आपल्या केंद्रप्रमुखाच्या कामाचं स्वरूप काय असावं, या जुन्या प्रश्नाला तो थेट भिडतो.

काय सुटलेलं नाही

मोठ्या इयत्तांबद्दल फार कमी माहिती आहे. बहुतेक भक्कम पुरावा तीन ते आठ वयाचा आणि गणिताचा आहे. सातवीचा इतिहास किंवा नववीचं विज्ञान यांसाठी खेळ रचणारे उत्साही शिक्षक महाराष्ट्रात आहेत, पण त्यांच्या कामाचं मूल्यमापन बहुधा मुलांच्या चेहऱ्यांवरच थांबतं.

मराठीसाठी वेगळ्यानं तपासायला हवं असंही काही आहे. पटाचे प्रयोग झाले ते इंग्रजी संख्यानामांवर, जिथे वीसनंतरची नावं नियमानं बनतात. मराठीत शंभरपर्यंतचं जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं पाठ करावं लागतं आणि एकोणतीसमध्ये कान ‘तीस’ ऐकतो तेव्हा डोळा २ पाहतो. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’सारखी पर्यायी वाचनं आली तेव्हा मोठा गदारोळ झाला. वाद अस्मितेच्या अंगानं गेला आणि मुलाला कोणत्या नावानं मोजणं सोपं जातं, हे तपासायचं राहूनच गेलं. घरावरची संख्या म्हणत गोटी चालवण्याचा फायदा मराठी मुलाला तेवढाच होतो, जास्त होतो की कमी? प्रयोग अवघड नाही. पुठ्ठा, फासा आणि दोन-तीन केंद्रांतल्या पहिली-दुसरीच्या शिक्षिका एवढं पुरेल.

पालकांचा प्रश्नही उघडा आहे. ‘शाळेत नुसतं खेळतात’ ही तक्रार घेऊन पालक जवळच्या इंग्रजी शाळेकडे वळतात, आणि पटसंख्या घसरली की शिक्षकाचं पदच धोक्यात येतं. वहीत उतरलेलं दिसतं, खेळात झालेलं दिसत नाही. काही शाळा पालकांनाच मुलांसोबत खेळायला बसवतात. तो उपाय किती टिकतो, हे कुणी मोजलेलं नाही.

नोंदीचाही प्रश्न उरतो. आज खेळ घेतला की छायाचित्र काढून गटावर टाकलं जातं, आणि वरून तपासणीही तीच होते: साहित्य उघडलं का, उपक्रम झाला का. या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना धरता येईल: खेळताना मुलं मोठ्यानं काय म्हणत होती, आणि खेळ संपल्यावर शिक्षकानं कोणता एक प्रश्न विचारला. महिन्याच्या शिक्षण परिषदेत दहा शिक्षकांनी अशा दहा नोंदी शेजारी ठेवून वाचल्या, तर त्यांतून काय दिसेल याचा अंदाज आज कुणालाच करता येणार नाही, कारण तशा नोंदी अजून कुणी ठेवायलाच सांगितलेल्या नाहीत.